मका धुवून वाळवला तर चालेल का?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. मधले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटवरून करतोय. कन्नड तालुक्यातल्या एका श्रोत्याने पाठवलीय, अर्ध्या मिनिटाची, मागे पावसाचा आवाज येतोय. तो म्हणतो, "दादा, काढलेला मका पावसात भिजला. दोन दिवस ताडपत्रीखाली ढीग होता. आता आत हात घातला की गरम लागतं, आणि काही दाण्यांवर हिरवट बुरा आलाय. आई म्हणते, धुवून कडक उन्हात वाळवू आणि दळून आणू. चालेल का? आणि खायला नाही चालला तर म्हशीला घालता येईल का?"

आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. ज्या भागाला बुरा आलाय आणि जो आतून गरम झालाय, तो धुवून, वाळवून, दळून खायला चालणार नाही. म्हशीला तर नाहीच नाही. आणि राहिलेला मका वाचवायचा असेल तर आज संध्याकाळच्या आत काय करायचं, हे त्याला मी वेगळं कळवलंय. तेही पुढे येईलच.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मी कॉम्प्युटरचा बीटेक आहे, शेतीचा नाही. दिवसभर कोड लिहितो. पण हा विषय वाचायला घेतला आणि त्यात पार अडकून गेलो. याचं कारण असं की हा प्रश्न वरवर बुरशीचा वाटतो, पण खरा प्रश्न पाण्याचा आणि वेळेचा आहे. आणि पाणी आणि वेळ या दोन्ही गोष्टी मोजता येतात.

एक खरी घटना सांगतो. १९७४ साल. राजस्थानातला बांसवाडा जिल्हा आणि गुजरातमधला पंचमहाल. आपल्या नंदुरबारच्या उत्तरेला, फार लांब नाही. भिल्ल वस्तीचा भाग, मका हेच रोजचं अन्न. त्या वर्षी मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस पडला. भिजलेलं धान्य तसंच घरात भरलं गेलं, कारण दुसरं काही खायला नव्हतं. थोड्याच दिवसांत गावागावांतून माणसं आजारी पडायला लागली. डोळे पिवळे, ओकाऱ्या, पोटात पाणी. बघणाऱ्याला वाटावं कावीळच आहे. पण त्याच घरातली, तेच अन्न खाणारी कुत्रीसुद्धा तशीच आजारी पडून मरत होती. साधी साथीची कावीळ असं करत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी याचा तपास केला, १९७५ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. त्या घरांतल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सापडलं, किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम. हा आकडा किती मोठा आहे ते असं बघा. आज आपल्याकडे धान्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यात आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होतं. आणि त्या लोकांनी तो मका कच्चा नाही खाल्ला. निवडून, दळून, भाजून, रांधून खाल्ला.

इथेच आईच्या 'धुवून वाळवू'चा प्रश्न येतो.

बुरशी आणि बुरशीचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यावरचा हिरवट-पिवळट बुरा म्हणजे ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी. ती धुतली की जाते, उन्हात मरते, तव्यावर तर नक्कीच मरते. पण मरायच्या आधी तिने दाण्याच्या आत जे रसायन सोडलंय ते तिथेच राहतं. तुमच्या फोनमध्ये एखादं फसवं ॲप शिरलं आणि त्याने खात्यातून पैसे काढले, तर नंतर ॲप अनइन्स्टॉल करून पैसे परत येतात का? तसंच आहे हे. अफ्लाटॉक्सिन बी-१ हे त्यातलं सगळ्यात जहाल, ते नुसतं वितळायलाच २६८ अंश सेल्सिअस लागतात. भाकरीच्या आतलं तापमान शंभराच्या आसपास घोटाळत असतं. कुकरमध्ये एकशे वीस. म्हणजे स्वयंपाकघरातली कुठलीही नेहमीची क्रिया त्याला पुरती मोडू शकत नाही. खूप भाजलं तर थोडं कमी होतं, पण त्यावर कुणाचा जीव टांगू नये.

नावाची गोष्ट जाता जाता सांगतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी अचानक मेले. कारण कळेना म्हणून रोगाचं नावच 'टर्की एक्स' ठेवलं. शोध घेता घेता ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले, आणि त्या पेंडीतल्या बुरशीपर्यंत. ॲस्परजिलसचा 'अ', फ्लेवसचा 'फ्ला', आणि पुढे टॉक्सिन. झालं नाव तयार. बी आणि जी हे प्रकार कसे ठरले? अतिनील प्रकाशात एक निळा चमकतो, दुसरा हिरवा. ब्लू आणि ग्रीन. बास, एवढंच.

हे ऐकून कुणीतरी लगेच ऑनलाइन यूव्ही टॉर्च मागवणार, मला माहितीय. थांबा. मक्यावर टॉर्च मारल्यावर जी हिरवट-पिवळी चमक दिसते ती या विषाची नसते, त्याच बुरशीने बनवलेल्या दुसऱ्याच एका पदार्थाची असते. चमक दिसली तर संशय घ्यायला जागा आहे. नाही दिसली तर धान्य चांगलं, असं मात्र अजिबात म्हणता येत नाही.

मग लॅबमध्ये मूठभर नमुना पाठवला तर? इथे एक गणित आहे आणि मला ते फार अस्वस्थ करणारं वाटलं. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. मक्याच्या एकेका दाण्यात किलोला ४ लाख मायक्रोग्रॅम या दराने विष सापडल्याची नोंद आहे. दाण्याचं वजन धरा ०.३ ग्रॅम. म्हणजे त्या एका दाण्यात झालं १२० मायक्रोग्रॅम. मर्यादा आहे किलोला १५. भागाकार करा, ८ आलं. आठ किलो मक्यात असा एकच दाणा असला तरी ते आठ किलो मर्यादेला टेकतात. तुम्ही मूठभर नमुना घेतला आणि तो दाणा मुठीत आला नाही, तर रिपोर्ट चकाचक येणार. आमच्याकडे याला 'इंटरमिटंट बग' म्हणतात. टेस्टिंगमध्ये दिसत नाही आणि लाइव्ह गेल्यावर बरोब्बर उगवतो. म्हणून नमुना घ्यायचाच तर ढिगाच्या अनेक जागांहून, वरून, मधून, तळातून, थोडा थोडा घेऊन, तो सगळा एकत्र दळून, मग त्यातला घ्यायचा.

याच गणितातून एक चांगली बातमीही निघते. विष थोड्या दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे फुटके, सुरकुतलेले, रंग उडालेले, हलके दाणे निवडून काढले की बराचसा भार जातो. आज्जी सुपात पाखडायची आणि मांडीवर ताट घेऊन निवडत बसायची, ते फक्त खड्ड्यांसाठी नव्हतं. पण 'बराचसा' म्हणजे 'सगळा' नव्हे. वरून धड दिसणारा दाणाही आतून वाईट असू शकतो. म्हणून निवडणं हे थोडंफार बिघडलेल्या धान्यासाठी. गरम झालेल्या ढिगासाठी नाही.

हे विष एका जेवणाने माणूस पाडत नाही, निदान आपल्या रोजच्या प्रमाणात तरी नाही. म्हणून घाबरून जाऊ नका. पण थोडं थोडं, वर्षानुवर्षं गेलं तर ते यकृताचा कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला गट १ मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. त्यात ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. लहान बाळांना आता ती लस सरकारी दवाखान्यात मिळते. आपल्या वयाच्या लोकांनी मात्र एकदा घरी विचारून बघा, आपल्याला दिली होती का. आणि ओलं झालेलं धान्य खाणाऱ्या घरात एकापेक्षा जास्त जणांचे डोळे पिवळे दिसले, तर थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना धान्याचंही सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

आता पाणी. आजचा मुख्य भाग हाच आहे.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. शेतातल्या मातीत, खळ्यावर, पोत्याच्या धाग्यात, तुमच्या शर्टावर. ते संपवता येत नाहीत, तो नाद सोडून द्या. त्यांना उगवायला पाणी लागतं, आणि ते पाणी द्यायचं की नाही हे आपल्या हातात आहे. धान्य कोरडं दिसलं तरी त्यात पाणी असतं. खरिपाचा मका काढणीच्या वेळी वीस-पंचवीस टक्के पाण्याचा असू शकतो. दाणा आपल्या आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. बंद पोत्यात दाण्यांच्या मधल्या फटीतली हवा दाण्याइतकीच दमट होते. त्या फटीतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या खाली राहिली, की बुरशी उठत नाही. मक्यासाठी ही रेषा साधारण १३ ते १४ टक्के पाण्यापाशी येते. शेंगदाण्यासाठी ७ टक्क्यांपाशीच. एवढा फरक का? कारण दाण्यात तेल भरपूर, आणि तेल पाणी धरत नाही. जे काही पाणी आहे ते उरलेल्या भागात दाटीने बसतं. म्हणून 'मका चौदाला चालतो, मग शेंगदाणे दहाला का नाही' हा हिशेब चुकतो.

मोंढ्यावर गेलात तर आडत्याकडे मॉइश्चर मीटर असतं. घरी काय करायचं? घरी मीठ असतं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे सगळ्यांनी बघितलंय. का सुटतं? हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. ७४ ला नाही ओढत, ७६ ला ओढतं, इतका तो आकडा पक्का आहे. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात ७५ वर सेट केलेला एक सेन्सर आयताच पडलेला आहे. आता काचेची कोरडी बाटली घ्या, झाकण घट्ट बसणारी. त्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मका भरा, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर आतली हवा पंचाहत्तरच्या वर आहे, म्हणजे मक्यात १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे. अजून वाळवा. मीठ मोकळं राहिलं तर पंधराच्या खाली आलात. पण हेही लक्षात ठेवा, पंधरा ही साठवायची रेषा नाही. मीठ मोकळं राहिल्यावर अजून एक-दोन चांगली उन्हं दाखवायची.

ज्यांना आकडा बघितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणजे माझ्यासारखे, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. छोटं डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर काही शे रुपयांत मिळतं. किलो-दोन किलो धान्य प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मीटर आत ठेवा, तोंड घट्ट बांधा, सावलीत ठेवा, आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबा. ६५ च्या खाली असेल तर भरायला हरकत नाही. स्वस्त मीटर पाचेक अंकांनी इकडेतिकडे असतात. तपासायला पुन्हा मीठच कामाला येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, मीटरबरोबर डब्यात बंद करा. काही तासांनी मीटरने ७५ दाखवायला हवं. ८० दाखवत असेल तर तुमचं मीटर पाच जास्त सांगतंय. झालं कॅलिब्रेशन, फुकट.

आता लोक वाळवत का नाहीत? आळस म्हणून? नाही हो. हिशेब म्हणून. एक क्विंटल मका २२ टक्के पाण्याचा आहे. त्यात सुका भाग ७८ किलो. तो १३ टक्क्यांवर आणायचा तर उरणारं वजन ७८ भागिले ०.८७, म्हणजे सुमारे ८९.७ किलो. दहा लिटरच्या वर पाणी उडवायचं, तेही ढग असताना, आणि वर विकताना दहा किलो वजन कमी भरणार. मजुरी वेगळी. म्हणजे ओल्या मक्याला क्विंटलला समजा १८०० मिळत असतील, तर वाळलेल्याला दोन हजारांच्या वर मिळाले तरच वजनाची भरपाई होते. हमीभावाच्या खरेदीत मक्याला १४ टक्क्यांची अट असते, पण ती खरेदी वेळेत आणि जवळ होत असेल तर ना. व्यापारी ओला माल कापून का होईना लगेच घेतो. 'शेतकऱ्यांनी शास्त्रशुद्ध वाळवण करावे' असं पत्रकात छापणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा, असं माझं मत आहे. विकायच्या मालाचं गणित ज्याचं त्याने करावं. पण घरी खायला ठेवायचे दोन-चार क्विंटल तरी या हिशेबातून बाहेर काढा. ते आधी वाळवा, चांगल्या उन्हाची जागा त्यांना द्या.

वाळवताना घाई कशाची, तर पहिल्या दोन दिवसांची. ओलं धान्य ढीग करून ठेवलं की दाणे आणि बुरशी दोन्ही श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि आणखी पाणी तयार होतं, आणि पंचवीस ते पस्तीस अंशांची ती दमट गरमी या बुरशीला फार मानवते. आपला ऑक्टोबर म्हणजे तिच्यासाठी तयार खोलीच. म्हणून ढीग करू नका. दोन-तीन इंच जाडीचा थर, खाली ताडपत्री, तासातासाला पाय किंवा फावडं फिरवायचं. संध्याकाळी झाकायचं, पण सकाळी ऊन आलं की लगेच उघडायचं, नाहीतर ताडपत्रीला आतून घाम येतो आणि तोच परत दाण्यावर पडतो. ऊन नसेल तर मळणीच करू नका. कणसं सोलून, हवा खेळेल अशी पातळ पसरा किंवा टांगा. मेळघाटात, नंदुरबारच्या पाड्यांवर घराच्या आढ्याला कणसांच्या जुड्या टांगलेल्या दिसतात, खाली चूल. फोटोला छान दिसतं, पण ते वाळवणयंत्र आहे. शिवाय ओला मका थ्रेशरमध्ये घातला की दाणे फार फुटतात, आणि दाण्याची साल हे त्याचं चिलखत असतं. फुटलेल्या दाण्यात बुरशी सरळ आत.

२००४ मध्ये केनियात असंच झालं. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू, पुन्हा मकाच. तिथल्या लोकांनी मका ओलसर असतानाच घरात, झोपायच्या खोलीत नेऊन ठेवला होता. का? टंचाई होती, बाहेर ठेवला तर चोरीला जाईल ही भीती. बांसवाड्यात काय आणि केनियात काय, माणसं वेडी नव्हती. अडचणीत होती.

आणि ज्वारीवाल्यांनी हसू नये. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या गावांत, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे बुरशी वेगळी होती, फ्युजेरियम, आणि विषही वेगळं, फ्युमोनिसिन. आपल्याकडे खरिपाची ज्वारी काळी पडते ती अशीच, कणीस भरताना पाऊस आला की. रब्बीची मालदांडी थंडीत, कोरड्या हवेत पिकते, म्हणून ती त्यातून बरीचशी सुटते.

आता साठवण. उन्हातून काढलेलं गरम धान्य तसंच कोठीत ओतायचं नाही, सावलीत गार होऊ द्यायचं. आईने हे सांगितलेलं असतं, कारण सांगितलेलं नसतं. आत गरम धान्य, बाहेर रात्री गार झालेला पत्रा. गरम हवा वर चढते, गार पत्र्याला टेकते, थेंब धरतात आणि वरच्या थरावर गळतात. म्हणूनच पुष्कळदा कोठीतला फक्त वरचा हात-दीड हात थर कुबट निघतो आणि खालचा चांगला असतो. कोठी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. पोती फळ्यांवर ठेवा, कारण फरशी आणि भिंत पाणी देतात.

किड्यांचं वेगळं प्रकरण आहे, पण तेही इथेच येऊन मिळतं. सोंडे झाले की ते श्वास घेतात, त्या जागी धान्य गरम आणि ओलं होतं, दाणे पोखरले जातात, मागून बुरशी येते. म्हणून किडे आवरणं हेही बुरशी आवरणंच. पण कडुनिंबाचा पाला ताजा, ओला घालू नका. तुम्ही औषध म्हणून पाणीच घालताय. पूर्ण वाळलेला घाला. आणि बाजारात धान्यात ठेवायच्या ज्या विषारी वायूच्या गोळ्या मिळतात त्या राहत्या घरात नकोत, झोपायच्या खोलीत तर मुळीच नकोत. तो वायू माणसं मारतो. आणि किडे मेले तरी ओल्या धान्यातली बुरशी त्याने थांबत नाही.

मराठीत आपण 'पेव फुटलं' म्हणतो ना, रील्सचं पेव फुटलं वगैरे. ते पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. कोरड्या, घट्ट जमिनीत खणलेला, आत काड लावलेलं, तोंड मातीने लिंपून हवाबंद. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती तर प्रसिद्धच आहेत. हवाबंद जागेत धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, किडे मरतात, बुरशी थंडावते. इतकं की पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसं गुदमरून मेलेली आहेत. उघडून वारा लागू देऊन मगच उतरायचं असतं. हीच कल्पना आता पिशवीत मिळते. आत जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या चवळीसाठी तीन थरांची अशी पिशवी बनवली, नंतर ती मका-ज्वारीलाही वापरली जाऊ लागली. पण अट एकच आहे, आणि ती विसरली तर सगळं उलटतं. आत जाणारं धान्य आधी वाळलेलं हवं. ओलं धान्य हवाबंद केलं तर पाणी बाहेर पडायचा रस्ताच बंद. आंबट वास येतो आणि माल जातो. आणि आधी तयार झालेलं विष तर कुठलीच पिशवी काढून घेत नाही.

शहरातल्या मंडळींना एवढंच, की वर्षाचे गहू एकाच मोठ्या कोठीत भरून जुलैत रोज झाकण उघडू नका. महिन्या-महिन्याचे छोटे डबे करा. उघडलेल्या डब्यातच दमट हवा जाईल, बाकीचे सुरक्षित.

राहिली म्हैस. आपल्याकडे खराब धान्याचा शेवटचा पत्ता गोठा असतो. टाकून द्यायला जीव होत नाही, जनावर खाईल. जनावर खातं. पण म्हशीच्या यकृतात बी-१ चं रूपांतर एम-१ मध्ये होतं आणि त्यातला थोडा भाग दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. २०१८ च्या देशभरातल्या सरकारी दूध पाहणीत ६,४३२ नमुने तपासले, त्यातले ३६८, म्हणजे ५.७ टक्के, या एम-१ च्या मर्यादेच्या वर निघाले. युरिया-डिटर्जंटच्या भेसळीचे व्हिडिओ सगळे फॉरवर्ड करतात. त्या पाहणीत भेसळीचे नमुने याच्यापेक्षा कितीतरी कमी होते. हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. गोठ्यातून गेलेलं विष घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या पेल्यात परत येतं, कारण दूध सगळ्यात जास्त तेच पितं.

एकाने विचारलं होतं, मग खराब मका इथेनॉलच्या कारखान्याला दिला तर? गाडीच्या टाकीत जाईल, कुणाच्या पोटात नाही. अर्धं खरं आहे. विष इथेनॉलमध्ये उतरत नाही. पण मक्यातला स्टार्च दारूत गेल्यावर जो चोथा उरतो त्यात ते जवळपास तिप्पट दाट होऊन बसतं. आणि तो चोथा वाळवून पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य म्हणून विकला जातो. म्हणजे फिरून गोठ्यातच. मक्याचं इथेनॉल आता वाढतंय, तेव्हा पेंडीच्या पोत्यावर अफ्लाटॉक्सिनचा आकडा छापलाय का, हे दूध उत्पादकांनी विचारायला सुरुवात करायला हवी.

तर कन्नडच्या मित्राला मी काय सांगितलं? ढीग आत्ताच फोड. तोंडाला रुमाल बांध, कारण ती धूळ श्वासात जायला नको. आत जिथे गरम लागतंय आणि बुरा दिसतोय तो सगळा गाभा, आणि त्याला लागून असलेला हातभर मका, वेगळा काढ. तो खड्ड्यात पुरायचा, माणसाला, म्हशीला, कोंबड्यांना, कुणालाच नाही. कडेचा, गार असलेला मका लगेच पातळ पसर. ऊन नसेल तर पडवीत पंखा लाव, पण ढीग करू नकोस. वाळल्यावर चाळून चुरा काढ, निवड, मग मिठाची बाटली. घरी खायला ठेवायचा त्यात मात्र जुना कोरडा मका असेल तोच आधी वापरा.

त्याचा परवा मेसेज आला. तीन पोती पुरली म्हणाला, आई दोन दिवस बोलली नाही. उरलेला पसरलाय, मीठ अजून काचेला चिकटतंय.